पेन्सिल न मारलेला पत्रा

हे लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते म्हणजे रेशन ऑफिसातले अर्ज, गावच्या काकांना धाडलेली पोस्टकार्डं आणि माझ्या वह्या. आजोबा गिरणीत होते, त्यांना सही यायची. बाबा सातवीपर्यंत शिकले. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिला, आणि गेलो तोही भूगोल घेऊन, ज्यात वाक्यांपेक्षा नकाशे जास्त. ललित लिहिणाऱ्यांना ऋतू कसे दिसत असतील मला माहीत नाही. मला नीट ओळखता येणारा ऋतू एकच आहे, परीक्षेचा. त्याच्याबद्दलच लिहितोय. जे एका वाक्यात बोलून मोकळं व्हायला हवं होतं, ते मला वर्षभर बोलता आलं नाही. म्हणून आता कागद काळे करतोय.

परवा हॉल तिकीट आलं. भांडुपला आमच्या चाळीत एप्रिलमध्ये दुपारी पत्रे तापतात आणि पंखा नुसती गरम हवा ढवळत बसतो. अशा वेळी मी दारात, उंबऱ्यावर बसून नकाशाच्या पेन्सिलींना टोक काढतो. एचबी, टूबी, फोरबी. लाकडाच्या त्या पातळ चकत्या खाली पडतात, शिशाची भुकटी बोटांना लागते, आणि एक कोरडा, गोडसर वास येतो. पूर्वी तो वास आला की मला परीक्षा आठवायची. या वर्षी तो आला आणि मला गुप्ते बाईंचं गॅरेज आठवलं.

मुलुंडला एका जुन्या सोसायटीत तळमजल्याला ओळीने सहा गॅरेजेस होती. पाचांमध्ये स्कूटर, सायकली, मोडके पलंग. सहाव्याचं शटर तेवीस वर्षं वर गेलं नव्हतं. गेल्या वर्षी बाबांनी ते पहारीने उचकटून उघडलं तेव्हा आतून जो वास आला तो मला अजून नाकात धरून ठेवता येतो. जुनं रबर, उंदीर, आटून गेलेलं पेट्रोल, ओल. ताडपत्री ओढली तर तिचे तुकडेच हातात आले. खाली गाडी होती. पन्नास-साठच्या सुमाराची, गोल पाठीची, पुढे नाकाड काढलेली. जुने मिस्त्री लोक त्या गाडीला प्रेमाने डुक्कर म्हणतात. चारही टायर बसलेले, एका दिव्यात कोळ्याचं जाळं, मागच्या सीटमध्ये उंदरांनी केलेलं घर.

"आहे का हो हिच्यात काही?" गुप्ते बाईंनी विचारलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन जमाना झाला तरी सोसायटीत सगळे त्यांना टीचरच म्हणायचे. एकट्या राहायच्या. नाकावर चष्मा, हातात घड्याळ, आणि बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ.

बाबा पुढे झाले. खिशातून मलमलचा फडका काढला, तळव्याखाली धरला आणि डोळे मिटून पुढच्या मडगार्डवरून हात फिरवत गेले. ते नेहमी असंच करतात. बाबा डेंटर. गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून पुन्हा होता तसा करणं हे त्यांचं काम. फडक्यामुळे हात घसरतो आणि बारीकसारीक उंचसखल कळतं, असं ते सांगतात. "डोळो फसयता. हात फसयणा नाय." मी दुसऱ्या वर्षाला नकाशावर चढउतार दाखवणाऱ्या समोच्चरेषा शिकलो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं होतं की बाबांना हे येतं. हे कॉलेजात कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. कॉलेजात मी सांगायचो, वडील ऑटोमोबाईल लाइनमध्ये आहेत.

"होईल, बाई," बाबा शेवटी म्हणाले. "पत्रा जाडा आहे. आताच्यांसारखा पापड नाही."

"मे संपायच्या आत व्हायला हवी. ३१ला बिल्डिंग रिकामी करून द्यायचीय. रीडेव्हलपमेंट."

"कुठे न्यायची मग गाडी?"

बाई हसल्या. "कुठे नाही. मला फक्त गेटबाहेर न्यायचीय. चेकनाक्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. स्वतः चालवत. ह्यांनी मला शिकवली, पण इथे, आवारात. रस्त्यावर कधी नेऊ दिली नाही. म्हणायचे, तुला जमायचं नाही. ते जाऊन तेवीस वर्षं झाली, आणि तेवीस वर्षं मीही नेली नाही."

"मग आता कशाला, टीचर?" वॉचमनने मध्येच विचारलं.

"आता गेटच राहणार नाही म्हणून."

त्यांच्याकडे लायसन्स होतं. दर वेळी मुदतीच्या आत रिन्यू केलेलं. आयुष्यात सायकलवरही न बसलेल्या बाईंनी ते प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं.

ते दीड-दोन महिने बाबा वेगळेच माणूस होते. ज्या गॅरेजात त्यांनी पंचवीस वर्षं काढली ते कधीच बंद झालं होतं, आणि त्यानंतर जिथे लागले तिथे डेंट कुणी काढत नाही. दार चेपलं की दार फेकतात, नवं लावतात. बाबा तिथे स्क्रू फिरवतात. गुप्ते बाईंच्या गॅरेजात मात्र त्यांनी जुनी लोखंडी पेटी उघडली. तीत लाकडी हातोडे होते, आजोबांच्या वयाचे वाटणारे. पत्र्याच्या पोटातून टेकू द्यायचे लोखंडी गोटे होते. सुट्टी घेतली, रविवार घेतले, सकाळी कामावर जाण्याआधीचे दोन तास घेतले. इंजिन बाबांचे जुने दोस्त अन्वर मिस्त्री बघत होते. ते पेट्रोलच्या टाकीत खडी आणि रॉकेल घालून तासन्‌तास हलवत बसायचे, आतला गंज सुटावा म्हणून. त्या खडखडाटात ओरडून म्हणायचे, "टीचर, नाम डुक्कर है, पर आवाज शेर का निकालूंगा!" आणि बाई वरच्या खिडकीतून म्हणायच्या, "आधी निघू दे, मग बोला."

मी सकाळी डबा घेऊन जायचो. कधी सँडपेपर मारायचो, बहुतेक वेळा अभ्यास करायचो. बाई खाली यायच्या, माझ्या वहीत डोकावायच्या. "प्रमाण लिहिलं नाहीस नकाशाला. उत्तर बरोबर असून उपयोग नाही रे, पायऱ्या दाखवाव्या लागतात."

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय तिथे येतो.

गाडीतली बॅटरी तेवीस वर्षं तशीच राहिली होती. तिच्यातलं ॲसिड झिरपून इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा खाऊन गेलं होतं. बोट लावलं तरी चुरा पडायचा. तेवढा कापून नवा पत्रा बसवायचा, हे बाबांनी पहिल्याच दिवशी खडूने आखून ठेवलं होतं. पण त्या चौकोनात गाडीचा नंबर होता. पाटीवरचा नव्हे, कारखान्यात पत्र्यावर ठोकतात तो, चेसिस नंबर. गाडीची जन्मखूणच ती. इंजिनवरचा नंबर कामाचा नव्हता, कारण बाईंच्या यजमानांनी एकदा इंजिन बदललं होतं आणि ते गाडीच्या आरसी पुस्तकात चढवलं नव्हतं.

अशा वेळी काय करायचं हे जुन्या डेंटरांना ठाऊक असतं. नंबरावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून राजमुद्रा उठवायचो, अगदी तसं. गंजाखाली, रंगाखाली डोळ्यांना न दिसणारे आकडेही कागदावर उठतात. आरटीओत तेच चालतं. तो कागद असला की अर्ज करून नव्या पत्र्यावर तोच नंबर पुन्हा ठोकून घेता येतो.

तो माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलचा आणि तोंडी परीक्षेचा दिवस होता. आईने पांढरा शर्ट इस्त्री करून दिला होता आणि दारात दोनदा बजावलं होतं, "शर्टाक डाग लावन घेव नको हां." बाबांचा डबा देऊन मी तसाच कॉलेजात जाणार होतो. खांद्यावर बॅग, बॅगेत जर्नल, आणि बाजूच्या कप्प्यात कंपासपेटी. एचबी, टूबी, फोरबी. तिन्ही टोकदार.

बाबांचे हात ग्रीसने माखलेले होते. "झिला, हय बघ. ह्यो नंबर. कागद ठेव नि पेन्सिल मार. दोनदा मार. मगे मी कापतंय." आणि ते नाक्यावर ग्राइंडरची चकती आणायला गेले.

नंबरापर्यंत पोहोचायचं तर मडगार्डवर पोट टेकून आत वाकावं लागत होतं. मडगार्डवर तेल होतं. मी एकदा वाकून बघितलं, शर्टाकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला, हात लांब केला आणि फोटो मारला. फ्लॅश पडला. तीन सेकंदांचं काम. मला खरंच वाटलं होतं की हे जास्त चांगलं आहे. पेन्सिल काय, जुन्या लोकांचं खूळ. फोटो कायम राहतो, झूम करता येतो. मी फोटो उघडूनसुद्धा बघितला नाही.

बाबा परत आले. "मारलंस मां?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी कागद मागितला नाही. का मागतील? मुलगा शिकलेला होता. त्यांनी चकती बसवली आणि कापायला घेतलं. ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास पसरला. तो तुकडा निघतानाच मोडला, त्याचे दोन-तीन भाग झाले, आणि इतर गंजक्या तुकड्यांबरोबर गोणपाटात गेला. मी निघालो तेव्हा भंगारवाल्याची हातगाडी गेटशी होती. "जाता जाता ता गोणपाट देवन टाक रे," बाबा म्हणाले. मी दोन बोटांनी, शर्टापासून लांब धरून नेलं आणि दिलं.

तोंडी परीक्षा चांगली झाली. जर्नलवर परीक्षकांनी लाल शाईत शेरा मारला, 'पेन्सिलकाम स्वच्छ व काळजीपूर्वक.' ते जर्नल अजून घरी आहे. आई पाहुण्यांना दाखवते.

पंधरा दिवसांनी कागदपत्रं करणारा एजंट आला. गाडी तोवर ओळखू येत नव्हती. फिकट पिस्त्याचा रंग, घासून उजळलेले बंपर. बाईंनी त्याला चहा दिला. त्याने फाईल उघडली, पुस्तक बघितलं आणि म्हणाला, "चेसिसची पेन्सिल द्या."

"दे रे," बाबा म्हणाले.

मी फोन काढला. त्या क्षणापर्यंत मला भीती वाटली नव्हती, हे खरं सांगतो. फोटो उघडला. फ्लॅशचा पांढरा गोळा, आणि भोवती तांबूस, खवले सुटलेला पत्रा. झूम केलं. आणखी केलं. एजंट डोळे बारीक करून बघत होता. "हा तीन आहे की आठ? पुढे काय आहे? पुढे तर काहीच नाही."

"पुस्तकात आहे ना नंबर," मी म्हणालो.

"पुस्तकात आहेच हो. पण ही तीच गाडी कशावरून? मी उद्या काय सांगू आरटीओतल्या साहेबांना? नंबर कापलेली गाडी म्हणजे चोरीची, असंच धरतात पहिलं." मग जरा नरमून म्हणाला, "अर्ज टाकता येईल. तपासणी, लॅब, सगळं होईल. सहा महिने, वर्ष. तोवर गाडी रस्त्यावर काढता यायची नाही. बिल्डिंग थांबेल का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. एखादा पत्रा वरून सरळ दिसतो आणि हाताला खड्डा लागतो, तेव्हा ते थांबतात तेवढाच वेळ. मग ते बाईंकडे वळले.

"चुकी माझी, बाई. मीच म्हटलं त्याला, फोटो काढ, पेन्सिलीचं काय काम. माझ्या घाईने झालं."

मी बोलायला हवं होतं. जागा होती, वेळ होता, चहासुद्धा अजून गरम होता. मी फोनकडे बघत राहिलो. बाईंनी गाडीचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "झालं ते झालं. तुम्ही सांगितलंत, बरं केलंत." त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस बाबा भंगारवाल्याच्या वखारीत जाऊन आले. माल दाबून, गठ्ठे बांधून कधीच पुढे गेला होता. मला काही बोलले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "त्येचे पेपर आसत. अभ्यास करू दे."

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गाडी सुरू झाली. अन्वर मिस्त्रींनी शब्द पाळला, आवाज खरंच भरदार होता. सोसायटीतली अर्धी बिऱ्हाडं तोवर गेली होती, उरलेली खाली उतरली. बाई शाळेत नेसायच्या तशी सुती साडी नेसून आल्या, चष्मा पुसला, आत बसल्या. बाबांनी बोनेटवर नारळाचं पाणी शिंपडलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाईंनी क्लच सोडला. गाडी एकदा उसळली, मग सरळ चालू लागली. गॅरेजपासून गेटपर्यंत साठेक पावलं असतील. पोरं टाळ्या वाजवत मागे धावली. उत्साहाच्या भरात वॉचमनने गेट सताड उघडलं. पलीकडे रस्ता, रिक्षा, कलिंगडवाल्याची गाडी.

बाईंनी ब्रेक दाबला. पुढची चाकं गेटच्या लोखंडी पट्टीच्या बरोबर अलीकडे थांबली.

"गेट बंद करा," त्या म्हणाल्या.

"अरे टीचर, एक राउंड मारो ना," अन्वर मिस्त्री म्हणाले. "चेकनाका इथे तर आहे. कौन देखता है?"

"मी बघते ना."

त्या थोडा वेळ स्टिअरिंग धरून समोर बघत राहिल्या. इंजिन चालू होतं. मग त्यांनी मान वळवून रिव्हर्स टाकला, आणि बाबा मागे उभे राहून हात हलवत राहिले, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे, बस बस." शटर ओढताना बाईंनी मला विचारलं, "पेपर कसे गेले रे?"

"बरे गेले."

"पायऱ्या दाखवल्यास ना?"

मी मान हलवली.

त्यानंतर मला कोणी एक शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं. बाबा बोलले नाहीत. बाईंनी जाताना त्यांचा फोन नंबर दिला आणि पुतण्याकडे नाशिकला गेल्या. मी ठरवलं, निकाल लागला की फोन करून खरं काय ते सांगायचं. निकाल लागला. मग ठरवलं, गणपती झाले की. मग दिवाळी. अभ्यासात जसं करतो तसंच, कठीण धडा शेवटी ठेवायचा. खरं बोलायलाही आपल्याला योग्य मुहूर्त लागतो, ही माझी समजूत कुठून आली कोण जाणे. खोटं बोलताना तर लागला नव्हता. तीन अक्षरांचाही शब्द नव्हता तो. शिकलेल्या मुलाने हो म्हटल्यावर बापाने कागद मागून बघायचा नसतो, एवढा एक विश्वास आमच्या घरात माझ्या शिक्षणातून आला होता, आणि मी तो एका शर्टाच्या इस्त्रीसाठी वापरला. लोक म्हणतात शिकून माणूस शहाणा होतो. माझ्या बाबतीत एवढंच झालं की जे काम हात घाण करून करायचं होतं ते न करण्यासाठी माझ्याकडे एक चांगलं कारण तयार होतं.

त्या सोसायटीच्या जागी आता निळे पत्रे लागलेत. आत खड्डा आहे. गेटची लोखंडी पट्टी शोधायला मी एकदा गेलो होतो. सापडली नाही.

परवा हॉल तिकीट आलं, पेन्सिलींना टोकं काढली आणि तो वास आला तेव्हा मी उठलो आणि फोन लावला. वाक्य आधी पाठ केलं होतं. बाई, फोटो काढायचं बाबांनी सांगितलं नव्हतं, त्यांनी पेन्सिलच मारायला सांगितली होती. एवढंच.

फोन पुतण्याने उचलला. मी कोण ते सांगितलं.

"अच्छा, डेंटरकाकांचा मुलगा! अरे, काकू जानेवारीत गेली. झोपेतच. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं बघ." मी काहीतरी बोललो असेन. तो मोकळा माणूस होता, बोलत राहिला. "तुझ्या वडिलांबद्दल फार सांगायची. आलेल्या-गेलेल्याला सांगायची, काम चुकलं पण माणूस खरा, तोंडावर कबूल केलं. शाळेत असता तर याला पूर्ण मार्क दिले असते म्हणायची."

गाडीचं काय झालं, मी विचारलं.

"ती ना? कागद नाहीत तर कोण घेणार! मालाडला एक हॉटेलवाला घेऊन गेला. दारात उभी केलीय. इंजिन-बिंजिन काढून टाकलं, आत टेबल बसवलंय. पोरं आत बसून खातात, फोटो काढतात. एकदम झकास दिसते. तुला पाठवू का फोटो?"

नको म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा बाबा कामावरून येऊन दारात चपला काढत होते. "कोणाचो फोन?"

"गुप्ते बाईंच्या घरून. बाई गेल्या. जानेवारीत."

चप्पल हातातच राहिली. जरा वेळाने ती त्यांनी भिंतीला नीट लावून ठेवली. "चांगली बाई होती," ते म्हणाले. मग, "आणि गाडी?"

"मालाडला असते आता."

"चलता मां?"

"हो," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी एजंटसमोर बघितलं होतं तेवढाच वेळ. मग ते हात धुवायला मोरीत गेले.